खिडकीतला हात

पर्निलाने तो भलामोठा फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडला. गुंडाळी परत मिटू नये म्हणून एका कोपऱ्यावर साखरेचं भांडं ठेवलं, दुसऱ्यावर कॉफीची किटली. मग बापाकडे बघून म्हणाली, "बघ, कसा आलाय!"

होल्गर वाकून बघू लागला. मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं. हल्ली त्याला तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या नावा मोजता येत, आणि नको त्या गोष्टीही फार स्पष्ट दिसत. फोटोतला पाठमोरा म्हातारा तो स्वतः होता. वृद्धनिवासाच्या अंगणात उभा, एका हातात टोपी, दुसरा हात वर. समोर दुसऱ्या मजल्याची खिडकी, खिडकीत पांढऱ्या केसांची बाई, अंगात लाल लोकरी जाकीट, आणि तिचाही हात वर. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'जवळीक, अंतर राखून. होल्गर आणि आस्ता रीडमार्क, वसंत २०२०.'

"ग्रंथालयाच्या दालनात कायमचा लागणार आहे," पर्निला म्हणाली. ती लिंदविका नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्यात होती, आणि हे सगळं तिच्याच अंगावर होतं. "शनिवारी राजधानीतून तज्ज्ञ येतायत. आपल्या मोकळ्या धोरणाचं काय फळ मिळालं, ते सांगणार. मग पडदा तू ओढायचास."

होल्गरचं तिकडे लक्षच नव्हतं. वर्तमानपत्रात हा फोटो काड्यापेटीएवढा आला होता, आणि तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कायम धुकं असे. आज पहिल्यांदाच त्याला तो चेहरा दिसत होता.

"अगं, ही डाग्नीबाई आहे," तो म्हणाला.

"काय?"

"पोहायला शिकवणारी डाग्नीबाई! तुला नाही का तळ्यात ढकललं होतं तिने? बघ नीट. जाकीट आस्ताचं आहे. हे बघ, वरून तिसरं बटण तपकिरी. माझ्या जुन्या कोटाचं काढून तिने लावलेलं. जाकीट तिचं, बाई दुसरी."

पर्निलाने फोटोकडे बघितलं, पण माणूस ऊन पडलेल्या काचेकडे बघतो तसं, डोळे बारीक करून आणि लगेच फिरवून. "बाबा, परत तेच नको ना."

तेच म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. दोन वर्षं ते गावात कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

साथीच्या त्या वसंतात देश मोकळा होता. शाळा चालू, खानावळी चालू, चौकात लोक उन्हात तोंड करून बियर पीत बसलेले. 'आपल्याकडे सक्ती नाही, आपल्याकडे विश्वास आहे,' असं जो तो सांगत होता, आणि बाहेरच्या देशांत पोलीस लोकांना घरात कोंडतायत म्हणून मान हलवत होता. बंद होतं ते एकच, वृद्धनिवासाचं दार. नातेवाइकांना बंदी. रोग मात्र बेधडक आत जात होता, कारण आज या निवासात तर उद्या त्या निवासात अशी तासावर राबणारी पोरं-पोरी बसमधून यायची आणि त्यांना कुणी साधा तोंडाला लावायला मास्कही दिला नव्हता. पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं! अशा पहाऱ्याला काय म्हणावं?

होल्गर जन्मभर तळ्यात फेरीबोट चालवलेला माणूस. पाटीवर 'थांबा' लिहिलं की थांबणारा. नको म्हणाले, तो गेला नाही. रोज तिसऱ्या प्रहरी अंगणात उभा राहायचा. नोकरमंडळी आस्ताला बैठकीच्या खिडकीशी खुर्चीत आणून बसवायची, आणि ती हात हलवायची. तिचं हात हलवणंही तिच्यासारखंच होतं, नुसती बोटं हलायची, पिठाचा हात झटकावा तशी. होल्गरला तिचा चेहरा दिसायचा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन रोगामुळे पुढे ढकललं होतं. लाल जाकीट दिसायचं, तेवढं पुरे होतं.

मग एका रविवारी तिने अख्खा हात वर केला. खांद्यापासून, मोठ्ठा. होल्गर घरी येऊन पर्निलाला फोनवर आनंदाने ओरडलाच, "आज काय जोर होता तिच्यात! सुधारतेय गं ती!" सोमवारी तसंच. मंगळवारी तसंच. फोन करून चौकशी करावी असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. कशाला? ती तर डोळ्यांसमोर हात हलवत होती. आत ती बिचारी पोरं मरमर राबतायत, त्यांना उगाच कशाला त्रास द्यायचा? आपल्याकडे असा त्रास कुणी देत नाही.

गुरुवारी वर्तमानपत्राचा फोटोवाला आला, त्याने हा फोटो काढला. शुक्रवारी सकाळी निवासातून फोन आला की आस्ता बुधवारी रात्री गेली.

"बुधवारी कशी जाईल?" होल्गर म्हणाला. "काल मी तिला बघितलं."

मग एकेक गोष्ट कळत गेली. रात्रपाळीला वाटलं दिवसपाळीने कळवलं असेल, दिवसपाळीला वाटलं रात्रपाळीने. आस्ताला ताप आला होता त्याच रविवारी. बैठकीच्या शेजारीच तिची खोली, तिथेच ती पडून होती. डॉक्टर आलाच नाही. त्याने फोनवर विचारलं, वय किती, आणि फोनवरच सांगितलं, प्राणवायू नको, झोपेचं आणि वेदनेचं इंजेक्शन द्या. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, त्यातलाच प्रकार. तेही एक वेळ समजू, पण शेळी कशी दिसते एवढं तरी बघायला उंटावरून उतरावं की नाही? तिची खुर्ची रिकामी होती म्हणून तिथे दुसरं कुणी येऊन बसलं. धुलाईत कपड्यांची सरमिसळ व्हायचीच, म्हणून जाकीट त्या दुसरीच्या अंगात गेलं. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. कुणी म्हणजे कुणीच काही केलं नव्हतं.

फोटो शनिवारी छापून आला आणि अख्ख्या गावाने डोळे पुसले. "निदान निरोप तरी घेता आला तुम्हाला," असं लोक भाजीच्या दुकानात त्याचा हात धरून सांगायचे. तो सांगू लागला की त्यांची नजर केळ्यांकडे वळायची.

आणि आता हे.

"पर्निला, हा फोटो असा लागता कामा नये," होल्गर म्हणाला. "डाग्नीबाईच्या खाली आस्ताचं नाव नको. तेवढं एक माझं ऐक."

"पत्रिका छापल्यात बाबा. पाहुणे ठरलेत."

"मग काय, पत्रिका छापल्या म्हणून तुझी आई बदलायची?"

"असं तोडून बोलू नकोस." तिचा आवाज चिरकला. "तेव्हा तुझे डोळे किती वाईट होते, तूच सांगतोस ना? आणि खरं सांगू? दोन वर्षं मी या फोटोवर जगलेय. आईने शेवटी तुला बघितलं, एवढ्यावर. ते पण काढून घे माझ्याकडून!"

होल्गरने कॉफी ओतली. तिच्यापुढे वेलदोड्याचा बन सरकवला. पोरीचं वाईट वाटत होतं आणि तिची किळसही येत होती. दोन्ही एकदम येतं, तेव्हा माणसाने काय करावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मी येईन शनिवारी," तो म्हणाला. "पडदा ओढीन. पण मग तोंडही उघडीन."

शनिवारी ग्रंथालयाच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मागे लांब टेबलावर सात प्रकारची बिस्किटं, बनचे डोंगर आणि कॉफीची पिंपं. मेणबत्त्या लावल्या होत्या. बारसं आहे की तेरावं, नुसतं बघून कुणी सांगितलं नसतं. वृद्धनिवासातून काही म्हाताऱ्यांनाही चाकांच्या खुर्च्यांतून आणून शेवटच्या रांगेत लावलं होतं. निवासाची प्रमुख आनेली प्रत्येकाच्या गुडघ्यावर शाल नीट करत फिरत होती.

राजधानीचे तज्ज्ञ वेनर्लिद साहेब सुरेख दाढीचे, मऊ आवाजाचे होते. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. त्यांनी भिंतीवर रंगीत रेघा दाखवल्या.

"सुरुवातीला जगाने आपल्याला वेड्यात काढलं," ते म्हणाले. "पण दोन वर्षांचा हिशेब एकत्र धरा. नेहमीपेक्षा किती माणसं जास्त गेली? ही रेघ बघा. ज्यांनी दारं-खिडक्या ठोकून घेतल्या त्यांच्या कितीतरी खाली आपण. आपल्या मुलांची शाळा बुडाली नाही. लोकांनी धाकाने नव्हे, समजुतीने नियम पाळले. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर आपण पास आहोत, आणि चांगल्या मार्कांनी पास आहोत."

टाळ्या झाल्या. होल्गर पहिल्या रांगेत बसून रेघा बघत होता. मुलांचं खरं होतं. त्याचा स्वतःचा पणतू शाळेत गेला, वाचायला शिकला, त्याचा त्याला आनंदच होता. रेघाही खऱ्याच असतील, साहेब कशाला खोटं बोलतील? पण मार्क कुणाला मिळाले आणि पेपर कुणी दिला? वर्गातली दुबळी पोरं आधीच बाहेर काढली, मग वर्गाची सरासरी छानच यायची.

"वृद्धनिवासांत मात्र सुरुवातीला काही त्रुटी राहिल्या," वेनर्लिद साहेब म्हणाले, आणि दालनभर नजर फिरवून त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "आपण त्यांतून शिकलो."

त्रुटी! होल्गरने रुमाल तोंडाशी धरला. अहो, त्रुटी शिवणात असते, स्वेटरच्या विणीत असते. त्याची बायको एकटी, पडदे ओढलेल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून गेली, ती यांच्या कशिद्यातला एक टाका! शिकलात ना? मग जिच्यावर शिकलात तिचं नाव तरी घ्या.

"आता आपले होल्गर रीडमार्क," पर्निला ध्वनिक्षेपकावर म्हणाली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

होल्गरने दोरी ओढली. पडदा सरकला. लोकांनी 'आहा' केलं, मागे कुणीतरी नाक शिंकरलं. तो ध्वनिक्षेपकाशी गेला.

"ही आस्ता नाही," तो म्हणाला. "फोटो काढला त्याच्या आदल्या रात्री आस्ता मेली होती. मला कुणी कळवलं नव्हतं. ही डाग्नीबाई आहे. मी पाच दिवस डाग्नीबाईला हात हलवत होतो आणि घरी जाऊन आनंदाने जेवत होतो. हिने हात हलवला नसता ना, तर मी फोन केला असता. दार वाजवलं असतं. फोडलंही असतं कदाचित. तुम्ही याच्याखाली जवळीक लिहिलंय. जवळीक! मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं ऐकलं होतं, ते बनला लावून खातात हे आज बघतोय."

ऐंशी वर्षांच्या माणसाने भर सभेत असा आवाज चढवणं लिंदविकात कधी घडलं नव्हतं, आणि त्याची शरम सगळ्यांना वाटत होती, म्हणजे त्याच्याबद्दल.

आनेली उठली. ती खरोखर कळवळून बोलली. "होल्गर, दुःख फार मोठं असतं. दुःखात माणसाला काय काय वाटतं. आणि त्या वेळी तुमच्या डोळ्यांचं... तुम्हाला दिसत नव्हतं, हो ना?"

"तेव्हा दिसत नव्हतं," होल्गर म्हणाला. "आता दिसतंय."

"हो, हो," आनेली लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बिचारा म्हातारा. बायको गेल्यापासून असं होतं. वेनर्लिद साहेबांनी सहानुभूतीने डोकं कलतं केलं. होल्गरने पर्निलाकडे बघितलं, एकदाच. ती पत्रिकेची घडी घालत होती.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत हात वर झाला.

खांद्यापासून, सरळ, मोठ्ठा. आधी उजवीकडून डावीकडे, मग परत, मग तळवा आपल्याकडे ओढून. डाग्नीबाई चाकांच्या खुर्चीत ताठ बसली होती. लांब उभ्या असलेल्या माणसाला बघून तिचा चेहरा उजळला होता. अंगात लाल जाकीट होतं, वरून तिसरं बटण तपकिरी. तिला आता स्वतःचं नाव आठवत नव्हतं, पण हात विसरला नव्हता.

तो हात त्या दालनात कुणाला ओळखता येत नव्हता? चाळीस उन्हाळे गावातलं प्रत्येक पोर त्या हाताकडे बघत पोहायला शिकलं होतं. तो हात वर झाला की ओठ निळे पडलेले असोत की खेळ रंगात आलेला असो, मुकाट्याने काठावर यायचं. आनेली त्या हाताच्या खुणेने काठावर आली होती. पर्निला आली होती. पंच्याहत्तरीचा निवृत्त ग्रंथपालसुद्धा.

माना एकेक करून मागे वळल्या, आणि मग एकेक करून फोटोकडे. तोच हात. तेच जाकीट. आता डोळे बारीक करून उपयोग नव्हता. पर्निलाच्या हातातली पत्रिका खाली पडली आणि ती उचलायला वाकली नाही.

होल्गरला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. नुसतं 'अरे देवा' म्हणालं तरी चालेल. तो वाट बघत राहिला. दालनातला एकेक माणूस लालबुंद होत गेला, जमिनीकडे, खिडकीकडे, स्वतःच्या नखांकडे बघू लागला.

"तर मग," आनेली शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा घोगरा होता, "कॉफी घ्यायची का?"

आणि लोक उठले! खरंच उठले, रांग लावली, एकमेकांत नीट अंतर ठेवून, आणि कपांचा किणकिणाट सुरू झाला. वेनर्लिद साहेब होल्गरचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुम्ही हे मांडलंत ते फार मोलाचं आहे." होल्गरने हात सोडवून घेतला आणि विजारीला पुसला. डाग्नीबाई अजून हात करत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तो तिच्याकडे गेला, तिचा वर झालेला हात हळूच खाली आणला आणि शालीखाली ठेवला. "आलो बाई," तो म्हणाला. "आलो काठावर." तिने समाधानाने मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात पर्निलाचा फोन आला. आवाज रडून बसलेला होता. "बाबा, खालची ओळ बदललीय. येऊन बघ."

होल्गर गेला. दालन रिकामं होतं. फोटो भिंतीवर तसाच होता, मथळ्याचे ठळक शब्दही तसेच, 'जवळीक, अंतर राखून'. खाली मात्र आता लिहिलं होतं: 'एक रहिवासी आणि भेटीस आलेले गृहस्थ, वसंत २०२०.'

होल्गर हसायला लागला. घाणीत पाय पडल्यावर माणूस हसतो तसं. चूक सुधारली होती! आस्ताचं नाव तिथे चुकीचं होतं, ते काढून टाकलं, झालं. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथे तर खाणाऱ्याने शेळी होती हेसुद्धा पुसून टाकलं होतं.

"मी भांडले," पर्निला मागून म्हणाली. "फोटोच काढा म्हटलं. ते म्हणाले, चित्र चांगलं आहे, लोकांना आवडतं." तिने नाक पुसलं. मग गेल्या दोन वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं. "बाबा, आई तेव्हा कुठे होती?"

होल्गर भिंतीजवळ गेला. डाग्नीबाईच्या खिडकीला लागूनच दुसरी खिडकी होती. तिचा पडदा खालपर्यंत ओढलेला. फोटोत ती इतकी साधी होती की तिच्याकडे कुणाची नजरच जात नव्हती. त्याचीही आजवर गेली नव्हती.

"ही बघ तिची खोली," तो म्हणाला. "इथे होती. फोटो काढला तेव्हाही असेल. शुक्रवारपर्यंत तिला हलवलं नव्हतं."

पर्निला त्या राखाडी चौकोनाकडे बघत उभी राहिली. मग तिने खांद्यावरची पिशवी चाचपली, फलकांवर लिहायचं तिचं जाड काळं पेन काढलं, टोपण दाताने ओढलं आणि ते बापापुढे धरलं.

"नोकरी जाईल तुझी," होल्गर म्हणाला.

"लिही तू."

होल्गरने एक हात भिंतीला टेकवला आणि ओढलेल्या पडद्यावर, ठळक, सावकाश, कुणालाही लांबून वाचता येईल असं लिहिलं: आस्ता.